वरचे सूर

सत्तरच्या दशकात मी दादरच्या एका स्टुडिओत गाणी रेकॉर्ड करायचो आणि राहायला भाईंदरला होतो. दिवसभर कानांवर हेडफोन असायचे. घरी आल्यावर बायकोने रेडिओ लावलेलाही मला सोसवत नसे.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं मिठागराच्या बांधावरून चाललो होतो. ती थांबून म्हणाली, "केवढी पाखरं ओरडतायत हो." पाखरं समोरच होती, त्यांच्या उघडणाऱ्या चोचीही दिसत होत्या. पण मला ऐकू येत होता तो फक्त वारा.

आमचे संगीतकार बरेच दिवस "झांज टोचतेय" असं का म्हणत होते, ते तेव्हा लक्षात आलं. मला ती ऐकू येत नव्हती, म्हणून मी तिचा आवाज वाढवत होतो.

गेलेले वरचे सूर परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मी आपणहून मालकांकडे गेलो.

ते म्हणाले, "अहो, या धंद्यात सगळ्यांचंच असं होतं. कोणाला सांगू नका आणि बसा तिथेच."

"अंदाजाने कोणाचं गाणं बिघडवायचं नाही मला," मी म्हणालो.

शेवटी त्यांनी मला जाहिरातींचं काम दिलं. बोलण्यापुरते माझे कान अजून शाबूत होते.

घरी सांगितल्यावर बायको रडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता लवकर घरी याल?"

मी हो म्हणालो आणि भर दुपारी आडवा झालो. गाणी सुटल्याचं दुःख व्हायला हवं होतं, पण त्याआधी मला झोप लागली.