सरांच्या फाटकाशी बसलेला डबा

बाई फोन पुसायच्या. माझ्यादेखत. मी खिडकीच्या गजातून रिसीव्हर परत दिला की त्या फडकं घ्यायच्या आणि आधी कानाकडचा, मग तोंडाकडचा भाग पुसायच्या. माझी माय त्याच घराची मोरी घासायची. तिच्या हातची मोरी चालायची. तिच्या लेकीचा कान चालत नव्हता.

नांदेडात आमची वस्ती नाल्याच्या अलीकडे, बाईंची आणि त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे सरांची, कॉलनी पलीकडे. तेव्हा मोबाइल नव्हते. साऱ्या वस्तीचा पी.पी. नंबर, म्हणजे निरोपासाठी द्यायचा शेजारचा नंबर, सरांच्या घरचा. कुणाचा फोन आला की त्यांच्या गच्चीवरून हाक यायची आणि आम्ही धावायचो. पायरी चढायची नाही. खिडकीशीच थांबायचं. सर जयंतीला वस्तीत येऊन समतेवर बोलायचे. मी पुढच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, बाई तशा आहेत, सर तसे नाहीत.

माझी अक्का मुदखेडला दिलेली. ती पोटुशी होती. तिचं पोट दुखायला लागलं तेव्हा दाजी बाहेरगावी होते. शेजारणीनं स्टेशनजवळच्या बूथवरून सरांकडे फोन केला. भरदुपार होती. गच्चीवर जाऊन फक्त एक हाक मारायची होती. बाईंनी निरोप दिला दुसऱ्या दिवशी, माय कामाला गेली तेव्हा. म्हणाल्या, "अगं, काल सांगायचं राहूनच गेलं." आम्ही पोचलो तोवर अक्काचं बाळ गेलं होतं.

पुढं शहरात रुपया टाकून बोलायचे डबे बसणार असं कळलं. कुठं बसवायचे ते टेलिफोन ऑफिसातले साहेब ठरवत होते. सर मला म्हणाले, "तू कॉलेजात जातेस, चांगलं बोलतेस. चल माझ्याबरोबर." साहेबांपुढं उभी राहून मी अक्काचं सगळं सांगितलं. निरोप उशिरा मिळाला, एवढंच म्हणाले. कुणाच्या घरून, ते गिळलं. सर शेजारी बसले होते, त्यांची मान खाली जायला नको होती. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "डबा देतो," म्हणाले. मग सरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लावून ते दोघं आत बोलत बसले.

वस्तीत नुसता हरीख. गवंडीकाम करणाऱ्या माझ्या मामानं समाजमंदिराच्या भिंतीला ओटा बांधला, वर पत्रा टाकला, चुना मारला. बायांनी ठरवूनही टाकलं, की कुणाच्या घरी बाई अडली असेल तर त्या घराचा फोन आधी.

डबा बसला सरांच्या फाटकाशी.

मी पळत गेले. लाइनमनला म्हणाले, "काका, चुकलात. वस्ती तिकडं हाय."

"चुकलो न्हाई, पोरी," तो तारा ओढता ओढता म्हणाला. "तुमच्याच सरांनी साहेबाला सांगितलं. वस्तीत ठेवला तर लोकं डबा फोडतेत, चिल्लर काढून नेतेत म्हणले."

आमच्या घरचं मेलेलं बाळ पुढं करून डबा मागितला आणि आम्हालाच चोर ठरवून आपल्या दारात नेला. आता पुन्हा त्यांच्याच नजरेखाली उभं राहून बोलायचं. बाईंच्या फडक्यानं मला इतकं लागलं नव्हतं. त्यांनी निदान तोंडावर पुसलं होतं. सरांसाठी मी टाळ्या वाजवल्या होत्या.

संध्याकाळी नारळ फुटला. साहेब आले, फोटोवाला आला. फाटकापुढची जागा मायनंच झाडली होती. ती खराटा घेऊन बाजूला उभी. सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिला फोन आपल्या वस्तीच्या लेकीनं करायचा." आणि माझ्या हातात रुपया दिला.

मी रिसीव्हर उचलला. ओढणीच्या टोकानं पुसला. आधी कानाकडचा, मग तोंडाकडचा. सावकाश, बाई पुसायच्या तसा. मग जागेवर ठेवला. रुपया डब्यावर ठेवून म्हणाले, "सर, दार लावून आमच्याबद्दल जे बोललात, ते इथं सगळ्यांपुढं बोला."

सर हसायला गेले. "अगं, तुमच्या भल्यासाठीच..."

"तेच बोला," मी म्हणाले.

सरांनी फोटोवाल्याला हातानं थांबवलं. साहेब खाली बघत राहिले. बाई आत निघून गेल्या आणि सकाळी त्यांनी मायला कामावरून काढलं. माय म्हणाली, "काढलं तर काढलं. मी तर कालच खराटा तिथं ठेवून आले."

आता हाताहातात मोबाइल आहेत. तो डबा कधीच गंजून गेला. मामाचा ओटा मात्र आम्ही पाडू दिलेला नाही. वस्तीत नळ यायचा असो, दिवा लागायचा असो, कुणी ना कुणी भला माणूस येतो आणि म्हणतो, ताई, तुमच्या वतीनं मी आत बोलून येतो. मी चप्पल घालते आणि त्याच्याबरोबर निघते. बाहेर थांबा म्हणालं कुणी, तर उंबऱ्यावर उभी राहते. दार लावू देत नाही.