चिंधा आबांचं दुसरं बारसं

पारोळ्याजवळच्या खेड्यातला चिंधा पाटील १९०६ साली पलटणीत भरती झाला, तेव्हा वीस वर्षांचा होता. शेताला चार भाऊ पुरे होते, पाचवा सरकारला दिला, असं त्याचा बाप सांगे. दहा वर्षांनी पलटण मेसोपोटेमियात तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि घरी कागद आला, की चिंधाचा पत्ता लागत नाही. मेला असं त्यात कुठं नव्हतं; पण पितृपंधरवडा तोंडावर आलेला, आणि घरातला जीव असा अधांतरी ठेवणं बरं दिसत नव्हतं. भावांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून बोरी नदीच्या काठी जाळला. चिंधाची बायको भिकुबाई हिच्या बांगड्या फोडल्या.

१९१८ सरता सरता चिंधा कैदेतून सुटून घरी आला. मोठीच अडचण झाली. ज्याचे दिवस घातले त्याला घरात कसं घ्यायचं? भटजींनी पोथी पाहून तोड काढली, की त्यानं पुन्हा जन्मावं. मग त्या मिशाळ शिपायाला तूप चोळून न्हाऊ घातलं, त्याचं बारसं केलं आणि पुढच्या मुहूर्तावर त्याच्याच बायकोशी लग्न लावून दिलं. चिंधानं सारं मुकाट्यानं होऊ दिलं. हुकूम पाळायची सवय होतीच.

या दुसऱ्या लग्नानंतर मगन झाला. एकुलता. तोही १९४० साली फौजेत गेला आणि पंधरा वर्षांची बायको, तानुबाई, घरी ठेवून गेला. सिंगापूर पडलं तेव्हा कागद आला, की मगनचा पत्ता लागत नाही. चिंधाला आता सारे आबा म्हणत. आबांनी तो कागद शाळेच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, असल्या कागदातून मी परत आलोय.

लढाई संपली. सेहेचाळीस साली दुसरा कागद आला, की मगन मेला असं धरून चालावं. सरकारला धरून चालायला काय जातं, आबा म्हणाले.

तानुबाईचा भाऊ शालिग्राम चोपड्याहून दोनदा येऊन गेला. त्यांच्या जातीत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. तिकडचा एक बिजवर केळीवाला तयार होता. पण पहिल्याचे दिवस घातल्याशिवाय पाट कसा लावणार? भावकीत कुणी आबांपुढं बोलेना. या विषयात त्यांच्याइतका जाणता माणूस तालुक्यात नव्हता.

शेवटी तानुबाईनंच विचारलं, भिंतीकडं तोंड करून.

“आबा, मी कोन शे, एवढं सांगी द्या.”

आबा म्हणाले, “माले नही सांगता येस, पोरी. पुतळा जाळा, आनि तो वाटवर व्हई ते?” मग म्हणाले, “मी मरसू, मंग करा.”

त्यांनी मनापासून सवलत दिली होती. त्याच हिवाळ्यात ते खोकल्यानं अंथरुणाला खिळले. वैद्य म्हणाला, महिनाभर. तानुबाई काढा वेळेवर देई, पथ्य मोडू देत नसे, पाठ शेकी. बायका कौतुक करत आणि तिच्या तोंडाकडं बघत. तिच्या हाताला गुण होता. आबा सात महिने जगले. तेवढ्यात चोपड्याच्या केळीवाल्यानं धरणगावची बायको केली.

सत्तेचाळीसच्या ज्येष्ठात आबा गेले. शब्द दिलेला, म्हणून भावकीनं त्यांच्यामागून मगनचाही पुतळा जाळला. भिकुबाईच्या बांगड्या दुसऱ्यांदा फुटल्या. तिला रीत पाठ होती. हात सैल सोड, म्हणजे काच लागत नाही, असं तिनं सुनेला सांगितलं.

तेराव्याला शालिग्राम बैलगाडी घेऊन आला. चोपड्याची बातमी त्यानं आधी दिली नव्हती, ती आता दिली. दुसरं कुणी बघू, म्हणाला. तानुबाईनं त्याला जेवायला वाढलं, बैलांना पाणी दाखवलं.

“भाऊ, आते जर त्या ऊनात ते?”

मगन आता आलाच तर काय करायचं, याचा जबाब ज्यांच्याकडं असता, त्यांचं नुकतंच तेरावं झालं होतं. शालिग्रामनं हात धुतले आणि गाडी रिकामीच परत नेली.