धक्का देऊ नोका

चालू असलेल्या वस्तूचा ज्याला मनापासून कंटाळा येतो आणि बिघडलेल्या वस्तूची ज्याला सख्ख्या नातेवाइकासारखी ओढ लागते, असा आमच्या जवाईबापूंसारखा दुसरा माणूस बुलढाणा जिल्ह्यात नाही. असलाच तर त्याच्या बायकोला माझा आधीच नमस्कार. जवाईबापू म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेचे यजमान. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये उभा जन्म फिटर म्हणून काढला आणि निवृत्त होताना तिथल्या यंत्रांचा निरोप माणसांच्या आधी घेतला. शर्टाच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवतात, हे दोन वायरी जोडलेला एक बल्ब ठेवतात. कोणाच्या घरी गेले की पाणी घेण्याआधी वर पंख्याकडे पाहतात. पंखा निमूट फिरत असला तर मग घरच्या माणसांकडे वळतात. एका साक्षगंधाला पंखा मध्येच टकटक करत होता. करत होता म्हणजे पाच मिनिटं करायचा आणि दहा मिनिटं गप्प. जवाईबापू खुर्चीवर चढून त्याची वाट पाहत उभे राहिले आणि तिकडे मुलामुलीने अंगठ्या घातल्या. त्या समारंभाच्या सगळ्या फोटोंत ते आहेत, पण कमरेपासून खाली.

अधूनमधून होणारा बिघाड हा त्यांचा खास प्रांत. त्यांचं एकच तत्त्व: "दुखणं हजर पाह्यजे." बिघाड समोर होत नसेल तर वस्तूला हात लावायचा नाही, सुटा भाग बदलायचा नाही, आणि कोणी सांगितलेलं खरं मानायचं नाही. हे त्यांनी स्वतःच्या देहालाही लावलं आहे. एकदा पोटात कळ आली म्हणून नणंदेने त्यांना दवाखान्यात नेलं. नंबर येईपर्यंत कळ थांबली. हे उठून घरी परत. "आता दुखून नाही राह्यलं त डॉक्टरले काय दाखवू? त्याची दिशाभूल होईन." नणंद म्हणते, तीस वर्षांत या माणसाने माझं लक्ष देऊन ऐकलं ते फक्त मला खोकला झाला तेव्हा.

असा माणूस नात्यात असताना आमची पिकअप सात महिने रडवत होती आणि आम्ही त्यांना बोलावलं नाही, याचं कारण माझ्या सासूबाई. जावयाने सासुरवाडीला यावं, पाटावर बसावं, जेवावं, आहेर घ्यावा आणि जावं. त्याच्या हाताला ग्रीस लागलं तर ते घराण्याला लागलं, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे गाडीचं जवाईबापूंच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असा घरात हुकूम होता.

आमची रोपवाटिका आहे, सोनाळ्यापासून जवळच. मिरची, टमाटे, वांगी यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्याच्या बांधावर पोचवायची. पोचवते मी. बेचाळिसाव्या वर्षी या जुन्या पिकअपवरच गाडी शिकले. रोप कोणत्या दिवशी लावायचं, पाणी किती, हे बांधावर उभं राहून मी सांगते म्हणून लोक आमच्याकडून रोपं नेतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दिवाळीनंतर गाडीला नवीन खोड लागली. चावी फिरवली की कधी लगेच सुरू, कधी नुसतं "टक" आणि पुढे काही नाही. पहिल्या मिस्त्रीने बॅटरी बदलली, दुसऱ्याने स्टार्टर उतरवून दुरुस्त केला, तिसऱ्याने चावीचा स्विच नवा घातला. प्रत्येक वेळी गाडी चार दिवस गुणी लेकरासारखी वागायची आणि पाचव्या दिवशी कुठल्यातरी बांधावर, उन्हात, ट्रेमधली रोपं माना टाकत असताना "टक". मग पाचसात माणसं जमायची, धक्का द्यायची, गाडी सुरू व्हायची. जूनच्या तोंडावर आमच्या यजमानांनी निर्णय घेतला. गाडी विकायची, रोपं भाड्याच्या गाडीने पाठवायची. एक गिऱ्हाईक रविवारी पाहायला येणार होतं. भाड्याच्या गाडीत रोपं गेली असती, मी घरी राहिले असते. मी गुपचूप नणंदेला फोन केला आणि हवापाण्याच्या गप्पा मारता मारता गाडीचं सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जवाईबापू पिशवी घेऊन दारात. चेहरा असा, की जणू कोणाकडे बारसं आहे. "वहिनी, गाडी सुरू होऊन नाही राह्यली म्हने?" मी चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यांचा चेहरा पडला. पण गेले नाहीत. सासूबाईंना "चार दिवस तुमच्या हातचं खायाले आलो" असं सांगून मुक्काम ठोकला आणि रोज सकाळी माझ्या शेजारी गाडीत बसून गावोगाव फिरू लागले. मला प्रश्न विचारायचे. इंजिन तापलेलं असतं की थंड, गाडी भरलेली असते की रिकामी, सकाळी घरी कधी अशी वागली का. मग एकदा विचारलं, "बंद पडते तवा हॉर्न वाजवून पाह्यला काय?" मी म्हटलं, बंद गाडीचा हॉर्न कशाला वाजवू, कोणाला बाजूला व्हायला सांगू? ते फार दुखावले. "तीन मिस्त्री झाले, एकानंबी हॉर्नचं नाही विचारलं?"

पाच दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही. यजमान खूश. म्हणाले, "चालू हाय तवरच इकून टाकू." बंद पडली तर विकायची आणि चालली तरी विकायची, असा तो हिशोब होता. जवाईबापूंचं जेवण कमी झालं. सासूबाईंना वाटलं आमरसात काही चुकलं.

शनिवारी भर दुपारी सोनाळ्याच्या बाजारात अर्धे ट्रे उतरवले. उरलेली मिरची पुढच्या गावाला न्यायची होती. चावी फिरवली. "टक."

जवाईबापूंनी डोळे मिटून क्षणभर हात जोडले. मग म्हणाले, "हॉर्न."

हॉर्न दाबला. तो असा खणखणीत वाजला की अर्धा बाजार वळून पाहू लागला. "लाइट लावा." भर उन्हातही दिवे लखलखीत. "बॅटरी बिचारी निर्दोष हाय," असं पुटपुटत ते खाली उतरले. पण हॉर्न ऐकून माणसं धावत आली होती. आमच्याकडे गाडी अडली की कोणी कारण विचारत नाही, थेट खांदा लावतात. सहा जण मागच्या फळीला भिडलेसुद्धा. जवाईबापू ओरडले, "धक्का देऊ नोका," आणि कोणी ऐकत नाही असं दिसल्यावर पांढऱ्या शर्टासकट पुढच्या चाकांसमोर आडवे झाले.

चहावाला म्हणाला, "काका, सुरू करून देऊन राह्यलो न गाडी, काऊन आडवे आले?"

"मले सुरू नाही करायची."

"मंग काय करायची?"

"बंदच राहू द्यायची. सात महिन्यानं सापडली हाय. धक्क्यानं आतलं हालते, दुखणं लपते, अन् तुमी पुन्यवान होऊन घरी जाता."

"ऊन लागलं वाटते काकाले," कोणीतरी मागून म्हणालं. मी गाडीतून उतरून ट्रेवर ओलं पोतं टाकत होते. रोपांना फार तर अर्धा तास होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई. जावई बाजारात लोळतो आहे ही बातमी आमच्यापेक्षा वेगाने घरी पोचली होती. "तू उभी राहून पाहून राह्यली? लोक काय म्हनतीन? उठव त्याहिले." जवाईबापूंनी झोपल्या झोपल्या फोन मागून घेतला.

"आई, तीस वर्सं झाले, मी तुमच्या घरी एकदाबी रुसलो काय?"

"नाही बा."

"आज कोनी गाडीले धक्का देला त रुसीन. दिवाळीलेबी येनार नाही."

पलीकडून मग सासूबाई म्हणाल्या, "फोनचा आवाज मोठा कर." मी जवाईबापूंच्या हातून फोन घेऊन केला. आणि पंचाहत्तरीच्या त्या बाईने घरात बसून सोनाळ्याचा बाजार हलवला. "कोन हाय रे तिथं? गाडीले हात लावला त याद राखा. आमचे जवाई सांगतीन तसं करा." सहा जण फळीपासून मागे सरले. एकाने तर हात खिशात घातले.

मग बल्ब बाहेर आला. एक वायर बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला. "वहिनी, चावी मारा." मी चावी फिरवली. टक. आणि बल्ब लागला. "या दोन जागी बल्ब लागाले नाही पाह्यजे," त्यांनी जमलेल्यांना समजावलं. "बॅटरीतून इंजिनात करंट जाते, त्याले परत याले रस्ता लागते. तो रस्ता बंद हाय, म्हनून माह्या बल्बातून येऊन राह्यला बिचारा." एका ट्रकवाल्याकडून जाड केबल आणवली, बल्बाच्या जागी ती लावली. चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. बाजाराने टाळ्या वाजवल्या. चहावाल्याने आम्हाला चहा दिला आणि शेजारच्याला म्हणाला, "मी म्हनलंच होतं, धक्का देऊ नोका." मिरचीची रोपं वेळेत बांधावर पोचली, एकानेही मान टाकली नव्हती.

परत येताना झाडाखाली गाडी थांबवून ते खाली शिरले. इंजिनपासून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, तोच तो परतीचा रस्ता. तिचा बोल्ट त्यांनी खोलला. पट्टीच्या खाली, जिथे तांबं थेट लोखंडाला भिडायला हवं, तिथे करंट अडवणारा निळा ऑइलपेंट. दोन हात, सफाईदार. तो निळा मी ओळखला, कारण आमच्या शेडचं दारही त्याच डब्यातलं आहे. दसऱ्याला गाडी धुताना तिथे गंज दिसला होता. माझ्याने गंज बघवत नाही. मीच पट्टी काढली, पॉलिशपेपर मारला, रंगवलं, वाळू दिलं आणि पट्टी पुन्हा घट्ट आवळली. सात महिने तीन मिस्त्री जिला शोधत होते ती मी होते.

जवाईबापूंनी रंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, काम मात्र लई चोख केलं." मग चाकूने रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, बोल्ट बसवला. घरी गेल्यावर यजमानांनी विचारलं, काय निघालं? मी तोंड उघडणार तोच जवाईबापू म्हणाले, "बोल्ट ढिला होता. रस्तेच तसे हायेत." रविवारी गिऱ्हाईक आलं आणि गाडी आता विकायची नाही असं यजमानांकडून ऐकून चहा पिऊन गेलं. गाडी अजून मीच चालवते.

त्या खेपेला जवाईबापू आठवडाभर राहिले होते. आमच्या घरी त्यांचा एवढा मुक्काम त्याआधी कधी झाला नाही, नंतरही नाही. आता येतात ते सणाला. सासूबाई पाट मांडतात, ते इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसतात, पिकअपची विचारपूस करतात, आणि ती बरी आहे ऐकून "चांगलं हाय" म्हणतात. त्या आवाजात फार उत्साह नसतो. मी काही त्यांच्यासाठी गाडी बिघडवणार नाही, मला कामं आहेत. पण आमचा मिक्सर गेले दोन महिने कधी चालतो, कधी नुसता गुरगुरतो. नाही चालला त्या दिवशी मी ठेचा पाट्यावर वाटते. यजमान दोनदा म्हणाले, दुकानात टाकून येतो. मी म्हटलं, राहू द्या, दिवाळी काही लांब नाही.