कोठा कुठल्या हाताला

कत्तलखान्यातली बाकीची माणसं जनावर मारत. आतडीवाली ते रिकामं करी. मारणाऱ्याचं काय, एक दणका दिला की सुटला. हिचं काम त्यानंतर सुरू. मागच्या पायांनी साखळीला उलटं टांगलेलं धूड, मुंडकं खाली, पोट हिच्याकडे. आखूड वाकडी सुरी वरून खाली ओढली की सगळं ढसकन बाहेर यायचं, वाफाळतं, आणि ते दोन्ही हातांत झेलायचं. सुरी जराशी जास्त रुतली तर पोटातला गवताचा कोठा फुटून आतला हिरवा चोथा मांसावर सांडे आणि मुकादम आईमाईवरून सुरू होई. एकदा त्यानं हिच्या कानाखाली जाळ काढला. हिनं हातातलं भरलेलं आतडं त्याच्या तोंडावर पिळलं आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे ना, साहेब?" तेव्हापासून तो नुसत्या शिव्यांवर भागवू लागला.

लोकांना माणसांची तोंडं लक्षात राहतात, हिला पोटं. डुकराचं पोट आपल्यासारखंच, एकच पिशवी, पडेल ते पचवणारी. मेंढीचं आतडं ओढत राहावं तर संपतच नाही. गवतातून सत्त्व काढायचं म्हणजे सोपं का आहे, दमानंच घ्यावं लागतं. फाटकाबाहेर एक कुत्रा ट्रकखाली गेला, तर या बाईनं त्यालाही उघडून पाहिलं. केवढंसं आतडं! मांस खाणाऱ्याला घाईच फार, असं म्हणून तिनं त्याला पुरलं. कोंबडीला दात नाहीत, म्हणून ती पोटात खडे घालून दळण दळते. भावजय जेवता जेवता ताट सरकवून उठायची ती अशा गोष्टींनी.

आणि गाय म्हणजे तर चार खोल्यांचं घर. पहिला मोठा कोठा, आतून टॉवेलासारखी लव. मग मधाच्या पोळ्यासारखी जाळी. मग पानांवर पानं रचलेला तिसरा कप्पा, आणि शेवटी आंबट रसाचा, तेच खरं पोट म्हणायचं. गाय आधी गिळते आणि मग सवडीनं चावते. कोठ्यात गवत आंबतं, वारा धरतो, गाय ढेकर देते, घास परत तोंडात आणून रवंथ करते. थोडं कोठ्यातच मुरतं, बाकीचं अंगी लागतं ते बारीक आतड्यात. त्याला आतून मखमल असते. ती मखमल ही बाई रोज खरवडून गटारात सोडी.

टांगलेल्या गाईचा कोठा तिच्या डाव्या हाताला यायचा. इतकी वर्षं डावीकडेच. डोळे मिटले तरी हात तिथंच जाई.

राहायला ती धाकट्या भावाकडे होती, मागच्या खोलीत. भावजय तिला चुलीजवळ येऊ देत नसे. "वन्सं, आधी अंघोळ." अंघोळ झाली तरी, "वन्सं, अजून येतोय वास." भावजयीचं तान्हं सहा महिन्यांचं होतं. आईला दूध नव्हतं, डब्यातलं पाजलं की पोर ओकून टाकी आणि पिवळं पडे. दारातल्या तांबड्या गाईचं दूध तेवढं त्याला पचलं. पोराच्या मनगटाला वळी पडली ती त्या दुधाची. गाय गेली असती तर मागोमाग पोर गेलं असतं, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण गाईला पाणी पाजताना भाऊ तिच्याशी जसं बोले तसं बायकोशीही बोलत नसे.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गाईनं दावं तोडलं आणि शेजाऱ्याच्या कोवळ्या, ओल्या लसूणघासात तोंड घातलं. सापडली तेव्हा पोट दोन्हीकडून नगाऱ्यासारखं ताणलेलं, जीभ बाहेर, डोळे पांढरे. ढेकर अडकली होती. कसंबसं ओढत तिला गोठ्यापाशी आणलं. भावानं नळकांड्यानं तेल पाजायला घेतलं तर तिनं मान झटकली आणि शिंगानं त्याचा दंड फाडला. रक्ताची धार लागली. गुरांच्या डॉक्टरला निरोप गेला होता, पण डॉक्टर यायच्या आत गाय गुदमरणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

आतडीवालीनं पिशवीतून सुरी काढली आणि आतडी धुवायची नळी कमरेला खोचली.

"ताई, काय करतेस?"

"भोसकते. वारा बाहेर पडला तर जगेल."

"वेड लागलंय का तुला? ठेव ती सुरी!"

ती गाईच्या तोंडासमोरच उभी होती, थेट. डावा हात आपोआप पुढं गेला, त्या बाजूच्या कुशीकडं वळला, आणि सुरी उचलली गेली. मागून भाऊ ओरडला, "तुला मारण्याशिवाय दुसरं येतं काय!" ती वळली, तोच त्याचा सोटा तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज भावजयीला दारापर्यंत ऐकू आला. आतडीवाली मागच्या मागं कोसळली, डोकं गाईच्या खुरांशी. भावानं दुसऱ्यांदा सोटा उगारला.

आणि उताणं पडल्या पडल्या तिनं वर पाहिलं. गाय उलटी दिसली. मुंडकं खाली, पाय वर, रोजच्यासारखी. आणि कोठा तिच्या डाव्या हाताला होता. म्हणजे मघाशी तिचा हात वळला होता ती दुसरीच कूस! तिकडं आतडी. तिथं सुरी खुपसली असती तर गाय जागीच मेली असती. जन्मभर तिनं गाय पाहिली ती उलटी टांगलेली. उभ्या गाईसमोर तिचं डावं-उजवं पार फिरलं होतं.

"थांब!" ती किंचाळली. "बाजू चुकली होती!"

सोटा खाली आला असता, पण भावजयीनं पोराला जमिनीवर ठेवून तो मागून धरला आणि नवऱ्याच्या मनगटाला कडकडून चावली. "भोसकू दे वन्संना! अशीही मरतेच आहे गाय!" मग तिनं गाईची शिंगं छातीशी आवळली. गाईनं तिला गोठ्याच्या भिंतीवर आपटलं, ओठ फुटला, तरी तिनं सोडलं नाही.

एक हात लोंबत होता. दुसऱ्यानं आतडीवालीनं सुरी उचलली, गाईच्या पलीकडच्या कुशीला गेली, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधला उंचवटा चाचपला आणि सगळं अंग टाकून सुरी आत घातली. कातडं फाटल्याचा आवाज झाला. सुरी आडवी वळवून तशीच रुतवून ठेवली आणि त्याच हातानं नळी आत सारली. आधी काही नाही. मग फुस्स करून अशी घाण सुटली की भावाच्या तोंडावर, ओठांत, मिशीत हिरवा फेस. तो ओकला. गाईनं लाथ झाडली, आतडीवालीची मांडी फोडली. तिनं नळी दाबूनच धरली. हळूहळू नगारा बसला आणि गाईनं हंबरडा फोडून श्वास घेतला.

डॉक्टर आला, त्यानं जखम शिवली, औषध टोचलं आणि निघताना एवढंच म्हणाला, "आज रवंथ केला तर वाचली."

आतडीवाली खांदा फडक्यानं बांधून गाईजवळ बसून राहिली. भावजयीनं सुजल्या ओठानं जेवणाचं ताट तिथंच आणून ठेवलं, अंघोळीचं नाव काढलं नाही. ऊन उतरलं तेव्हा गाईच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला. जबडा हलला. डावीकडून उजवीकडे, सावकाश.

भाऊ खांबाला टेकून उभा होता. "ताई, मारायला नको होतं मी."

"नको कसं? तू मारलं नसतंस तर मी गाय मारली असती."

त्याचे डोळे भरून आले. ताईचं मन किती मोठं, असं तो पुढं जन्मभर सांगत फिरला. ती बिचारी डावं-उजवं समजावायला जाई, पण मोडलेला हात वर जातच नसे, आणि एका हातानं ते नीट दाखवता येत नाही.