सोनाबाईच्या सुरावर वाजणारी घंटा

पनवेलच्या कोळीवाड्यात गल्लीच्या तोंडाशी अनंताचं दुकान आहे. बिघडलेले मिक्सर, बसलेले स्पीकर, पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारी सगळं तिथं येतं आणि बरंचसं तिथंच मुक्कामाला राहतं. आज देतो म्हटलेली वस्तू अनंतानं आज दिली असं सहसा झालं नाही. पण हाताला गुण होता, म्हणून लोक शिव्या देत देत पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

त्याची बायको सोनाबाई धवलारीण. हळदीला देवांना लग्नाचं आवतण देणारे धवले ती गायची. ओवे गावापासून उरणपर्यंत तिला बोलावणं असे. पुढे मांडवात डीजे आला, तिचा आवाज कुणाला ऐकू जाईना. तेव्हा अनंतानं बाजारातून बिनवायरीच्या माइकचा एक स्वस्तातला संच आणला. स्वस्त तो किती, दोन्ही माइक एकाच लहरीवर चालायचे. सोनाबाई आणि तिच्या हाताखाली शिकणारी भामा आळीपाळीनं ते वापरत.

मग सोनाबाईला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि जिच्या तोंडी शेकडो धवले होते तिचे शब्दही गेले. उरला फक्त धवल्याच्या सुरुवातीचा तो लांब सूर. पाणी हवं असलं तरी तोच, दुखलं तरी तोच.

अनंता बरेच दिवस नुसता ऐकत राहिला. नंतर त्यानं माइकचा रिसीव्हर उघडला आणि फक्त तेवढाच सूर ओळखणारं सर्किट त्याला जोडलं. सोनाबाईनं उशाजवळच्या माइकमध्ये सूर धरला की पंखा फिरे, पुन्हा धरला की थांबे. भंगारातून आणखी एक रिसीव्हर मिळवून त्यानं दुकानात घंटा लावली. तिनं सूर धरला की ती वाजायची आणि हा हातातलं टाकून घरी धावायचा.

"आदी देवांना बोलवायची, आता माला बोलवते," तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगे. "देव तरी येवड्या घाईनं येत होते काय?"

तिचा आवाज थकत चालला तसा सूरही खाली उतरे. मग अनंता स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्या उशाशी बसे आणि सर्किट तिच्या उतरलेल्या सुरालाही जुळवून घेई. तीही लग्नाला निघाल्यासारखी डोळे मिटून मनापासून गाई. त्या घरातली सुखाची वेळ ती एवढीच.

शेजारच्या बाळूच्या मुलीची, रोशनीची हळद आली. भामा दारात उभी राहिली.

"अनंतादादा, दुसरा माइक देशील? त्या डीजेम्होरं माजा आवाज कोन आयकनार?"

"तो लावलास तं हिची घंटा उगाच वाजंल गो."

सोनाबाईनं डाव्या हातानं दुसऱ्या माइकची डबी भामाकडे सरकवली. हळदीच्या घराला नाही म्हणायचं नसतं, हे तिनं जन्मभर पाळलं होतं. अनंतानं भंगारातला आणखी एक रिसीव्हर काढून सोबत दिला.

भामाचा सूर सोनाबाईनंच घडवलेला, जसाच्या तसा. मांडवात तिनं पहिला धवला धरला आणि इकडे पंखा आपोआप फिरायला लागला. सोनाबाई अर्ध्या ओठानं हसली. दुकानात घंटा वाजली, अनंता धावत आला. पुन्हा वाजली, पुन्हा आला. तिनं हात हलवून त्याला हुसकून लावलं, जा, काम कर. कामही तसंच होतं, त्याच मांडवाचा दुसरा ॲम्प्लिफायर दिवेलागणीच्या आत द्यायचा होता. घंटा काही थांबेना. शेवटी वैतागून त्यानं तिचं बटण बंद केलं. धवले संपले की लावू, असं मनाशी म्हणाला.

धवले संपले, डीजे सुरू झाला. अनंताची मान ॲम्प्लिफायरवरून उठली नाही.

तो चहा घेऊन घरी आला तेव्हा सोनाबाई गेली होती. माइक डाव्या मुठीत होता, ओठांना टेकलेला. पंखा फिरत होता. तो तिनं लावला की भामाच्या सुरानं लागला, हे कळायला काही मार्ग नव्हता. अनंता लहान पोरासारखा रडला.

दिवसकार्य झाल्यावर भामा माइक परत द्यायला आली. तो तिनं उंबऱ्यावरच ठेवला.

"तुजा सूर नाय चुकला, भामा," तो म्हणाला. "बटन माज्या हातात होता. न्हे तो माइक, तुलाच ऱ्हाऊ दे."

घरातला पंखा त्यानं पुन्हा साध्या बटणावर घेतला. दुकानातली घंटा मात्र तशीच आहे; तिचं बटण तेवढं काढून वायर थेट जोडलीय. आता ती कुणालाच बंद करता येत नाही.

कोळीवाड्यात हळद असली की घंटा वाजते. समोरचं गिऱ्हाईक सांगतं, "अनंतादादा, हलद हाय तिकडं. भामा गाते."

"ठाव हाय माला," अनंता म्हणतो, आणि हातातलं टाकून घराकडे निघतो.