आधी आपले कुठी हायेत?

उजव्या हाताचं बोट वर करायचं आणि मग विचारायचं, "आधी आपले कुठी हायेत ते सांग." कॉम्प्युटरच्या खेळात गोळा डागण्याआधी काकांचं हे ठरलेलं वाक्य. बोट खाली येईपर्यंत मला बटण दाबायची परवानगी नव्हती.

रिसोडला एसटी स्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा द्यायला येतात. तुमच्याही गावात ही रांग तुम्ही पाहिली असेल. काका त्या रांगेतूनच माझ्यासमोर आले, केनवडहून. फौजेत उखळी तोफेवर हवालदार होते. अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजलेल्या, की मशीन त्यांना जिवंत मानायला तयार होईना.

"राहू दे बाप्पा," पाचव्या वेळी ते म्हणाले. "मी जित्ता हाओ, हे मशीनले दमानं समजंल."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर गेली. तिथं माझी लढाई अर्धवट थांबलेली होती. हो, चाळिशीतला माणूस दुपारी गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरवर लढायांचा खेळ खेळतो. हसा हवं तर.

"उखळी कुठी ठेवली?"

"टेकडीवर, काका. सगळं दिसते तिथून."

"मंग दुश्मनालेही तूच दिसशील ना लेका!"

त्यांनी माझं टेबलच ताब्यात घेतलं. पंचिंग मशीन झाली टेकडी, पलीकडे डिंकाची बाटली म्हणजे दुश्मन. खिशातून शेंगदाणे निघाले. "उखळी टेकडीमांगं लपवाची. तिले काही दिसलं नाही तरी चालते. पाह्यणारा वेगळा, मारणारा वेगळा. पाह्यणाऱ्यानं सांगाचं, हिनं वरून टाकाचं." एक शेंगदाणा टेकडीवरून उडाला, बाटलीच्या डावीकडे पडला. "एक टाक. थांब. पाह्य. मंग सुधार. नेम बसला, की मंग चार." त्या चारातला एक सातबाऱ्यासाठी थांबलेल्या माणसाच्या चहात पडला. तो बिचारा शेंगदाण्यासकट चहा प्याला.

मी आजवर सगळे गोळे एकदम उधळून रिकामा बसायचो. आता जिंकू लागलो. काका दर रविवारी जीपनं येऊ लागले. माउसला हात लावायचे नाहीत. गोळा पडताना मात्र खुर्चीतून पुढं झुकायचे. "फौजेत येवढे गोळे डागले, पण पडताना एकबी नाही पाह्यला," असं एकदा म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

एकदा नदीवरचा पूल आमच्या हातात आलाच होता. फक्त माझे दोन शिपाई दुश्मनाच्या फार जवळ होते. काकांचं बोट वर ते वरच.

"काका, खेळातले हायेत. पुन्हा उभे राह्यतात ते."

"हे त्याईले मालूम हाये काय?"

आम्ही हरलो. मी चिडून त्या दिवशी त्यांना चहाही विचारला नाही. माझा राग तसा नाकावरच असतो.

तोच राग त्या उन्हाळ्यात भावावर निघाला. धाकट्यानं मला न विचारता समोरच्याच बाजूला स्वतःचं सेंटर उघडलं. मी तहसीलला अर्ज लिहिला, खऱ्यात चार खोट्या गोष्टी मिसळून. त्याची मान्यता रद्द करावी, एवढंच मागणं होतं. अर्ज स्क्रीनवर तयार होता, पाठवायचं बटण तेवढं दाबायचं होतं, आणि काका आले. एकेक ओळ बोटानं वाचली. मग तेच बोट वर झालं.

"आधी आपले कुठी हायेत ते सांग."

"काका, हा खेळ नाही."

"म्हणूनच पुसून राह्यलो. तुही माय कोणापाशी राह्यते?"

"त्याच्यापाशी."

"त्याचं सेंटर बंद झालं, तर चूल कोणाची इझते?"

काका शेंगदाणे खात बसून राहिले. शेवटी मी अर्ज पुसला, आणि तेव्हाच त्यांचं बोट खाली आलं.

त्याच संध्याकाळी भावाकडे गेलो. तो दारात उभा राहून नुसतं "ये" म्हणाला. मायनं पिठलं टाकलं. पीकविम्याचे अर्ज त्यानं करायचे, दाखले मी, असं जेवताना ठरलं. पुढं रविवारी तोही माझ्याकडे येऊ लागला आणि काकांनी त्याला पाह्यणारा नेमलं. कुठं काय आहे ते त्यानं सांगायचं, मी डागायचं.

या पावसाळ्यात काका गेले. आम्ही दोघं भाऊ एकाच मोटरसायकलवर केनवडला गेलो. माझी माय आणि माझा भाऊ मला त्या बोटामुळं परत मिळाले, हे काकांना तोंडानं कधी सांगितलं नाही. चहा पाजत राहिलो. तेवढ्यावरून त्यांना कळलं असेल, असं मी धरून चाललोय.

नोव्हेंबरात पुन्हा रांग लागली. झिजलेले अंगठे आले, मशीन अडलं, मी सगळ्यांना म्हणालो, दमानं. त्या रविवारी दुपारी भाऊ आला, खेळ सुरू केला. उखळी टेकडीमागं, दुश्मन समोर, नेम बसलेला. भावानं बोट वर केलं.

"दादा, आधी आपले कुठी हायेत ते सांग."

मी स्क्रीन पाहिला. सगळे मागं सुखरूप होते. मग बाजूच्या, काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"एक सापडून नाही राह्यला," मी म्हणालो.

भावानं बोट खाली घेतलं नाही. त्या दिवशी आम्ही गोळा डागलाच नाही.