मामांच्या गालाच्या पेशी

“ओढायचं न्हाय. नखानं निस्ती सुरवात करून द्यायची, मग आपसूक येतंय.” कांद्याची पाकळी डाव्या हातात धरून मामा पोरांना हे सांगत आणि बोलता बोलता तिच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा अखंड सोडवून काचपट्टीवर ठेवत. बारामतीतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते प्रयोगशाळेचे शिपाई होते आणि मी जीवशास्त्राचा मास्तर. इतक्या वर्षांत माझा पापुद्रा एकदाही अखंड निघाला नाही. मामांना ते माहीत होतं, पण त्यांनी कधी तोंडावर दाखवलं नाही.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या सहीला किंमत नसते, पण त्याच्यावाचून कपाटाचं कुलूप उघडत नाही. मामा रोज कऱ्हाटीहून एसटीने येत आणि दाराशी स्टूल टाकून माझा तास ऐकत. कांद्याच्या पेशीभोवती भिंत असते, तिच्या आधारावर ती ताठ राहते. आपल्या पेशींना भिंत नसते, म्हणून त्या एकमेकींना बारीक जोडांनी धरून ठेवतात. हे मी दरवर्षी फळ्यावर काढायचो. एकदा फळा पुसता पुसता मामा म्हणाले, “म्हंजी कांद्याला भित हाय, आन् आपल्याला निस्ती बटनं.” पुढच्या वर्षापासून मी बटणं म्हणूनच शिकवू लागलो. शब्द कुणाचा ते मात्र वर्गात सांगितलं नाही.

गालाच्या आतल्या पेशी बघायच्या प्रयोगाला पोरं लाजत. सगळ्यांदेखत तोंडात काडी घालायची म्हणजे काय! तेव्हा मामा पुढे होऊन आ करत. “घ्या माझ्या. भाकरी चावून चावून घट्ट झाल्यात.” दरवर्षी सगळ्या तुकड्यांनी मामांचाच गाल पाहिला.

शेवटच्या वर्षी ते जरा कचरले. तोंड आलंय म्हणाले. दोन महिने झाले, बरं होत नव्हतं, भाकरी दुधात कुस्करून खात होते. आम्ही सगळ्यांनी चुन्याला दोष देऊन त्यांना तंबाखू सोडायला लावली होती. तरी प्रयोग अडू नये म्हणून त्यांनी काडी फिरवून दिली. तिला थोडं रक्त लागलं होतं. मी निळा रंग टाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. एरवी या पेशी चपट्या, एकीला एक लागून दिसतात. त्या दिवशी त्या गोल आणि सुट्या सुट्या होत्या, एकेक वेगळी. मी म्हणालो, “मामा, इतकी झकास स्लाइड आजवर आली नव्हती.” ते रुमालाने ओठ टिपत हसले. पोरांनी रांग लावून पाहिली.

दिवाळीनंतर त्यांच्या छातीवर आणि पाठीवर फोड आले. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, नागीण. नागिणीला आमच्याकडे दवाखान्यात कमीच नेतात, तिचा अंगाला वेढा पुरा व्हायच्या आत लेप लावून घ्यायचा असतो. इंदापूर तालुक्यात निरवांगीला एक आबा तो लेप देत. मीच मामांना मोटारसायकलवर बसवून नेलं. जीवशास्त्र शिकवतो म्हणून माझं मन काही अडखळलं नाही.

दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला आबांनी फोडाशेजारच्या चांगल्या कातडीवर बोट दाबून सरकवलं. कातडी बोटाबरोबर सरकली. त्यांनी लेपाची वाटी बाजूला ठेवली. “सर, ही नागीण न्हाय. म्या आता हात लावत न्हाय. ह्यास्नी पुण्याला न्या.”

पुण्याच्या डॉक्टरांनी कागद ओढून दोन पेशी काढल्या आणि त्यांच्यामधले जोड. मी फळ्यावर काढतो तेच चित्र. या आजारात शरीरच हे जोड तोडत सुटतं, बहुतेकदा सुरुवात तोंडात होते, तेव्हाच आणलं असतं तर सोपं होतं, असं ते म्हणाले. मला ती स्लाइड आठवली. मी मान हलवली आणि कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यायलो. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

चार दिवसांनी मी मामांना सांगितलं. ते केळीच्या पानावर निजले होते, कारण चादर अंगाला चिकटायची. म्हटलं, मामा, त्या दिवशी काचेखाली मला सगळं दिसलं होतं, पण कळलं नाही. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“पोरांना नीट दिसलं न्हवं?”

“दिसलं.”

“मग झालं की.”

पुढे उघड्या कातडीतून जंतू रक्तात गेले आणि दहा-बारा दिवसांत सगळं संपलं.

कऱ्हाटीला त्यांना अंगणात पाटावर बसवून आंघोळ घातली. भावकीतल्या एकाने सवयीने पाठीवर हात ठेवला, तशा मामी उंबऱ्यातून बोलल्या. आवाज चढवला नाही.

“चोळू नका. निस्तं पाणी घाला.”

त्याने हात मागे घेतला. मग तांब्या माझ्याकडे आला. मी वरून, अंगाला कुठेही हात लागू न देता, पाणी सोडत राहिलो.